पिवळ्या दोऱ्याची बाटली

मी व्हिस्की पिते. नवऱ्याने सवय लावली म्हणून नाही, दुःख बुडवायला तर मुळीच नाही. मला चव आवडते म्हणून पिते. पन्नाशी ओलांडलेल्या, हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या, सांगलीसारख्या गावात सासूबाईंसोबत राहणाऱ्या बाईने हे लिहू नये, हे मला कळतं. न लिहिल्याने काय झालं, तेही आता कळलं आहे. म्हणून लिहिते. आणि रागातच लिहिते. शांत होऊन लिहायला बसले तर पुन्हा गप्प बसेन, तो माझा जुना गुण आहे.

नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. उभा जन्म मळी आणि स्पिरिट यांच्यात गेलेला माणूस. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी खपते ती बहुतेक मळीचीच, वरून रंग आणि वास, असं तो पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे माना डोलावतात. त्याचा पुतण्या अमेरिकेत असतो. तो येताना रायची व्हिस्की आणू लागला आणि आमच्या घरात हा नाद शिरला. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे. गव्हाच्या जातीचं, थंडीत आणि हलक्या जमिनीत तग धरणारं धान्य. पुस्तकात मी ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते, दुष्काळी भागातल्या आपल्या बाजरीसारखं, असं मुलांना सांगत होते. चव मात्र पहिल्यांदा त्या बाटलीत कळली.

आणि ती कळल्यावर मी थांबले नाही. एका रायला भाजलेल्या जिऱ्याचा वास होता, मागून शेपूच्या भाजीसारखं काहीतरी हिरवट. दुसरी मिरी चावल्यासारखी जिभेच्या टोकाला झोंबायची आणि गिळल्यावर घशात सुंठेसारखी बसून राहायची. तिसरीत रंधा मारलेल्या लाकडाचा वास. चौथीत मका जास्त, म्हणून ती गोडसर, मऊ, काकवीच्या वळणावर जाणारी. दोन थेंब पाणी घातलं की प्रत्येकीचं तोंड उघडायचं. नवरा आकडे सांगायचा, कशात किती काय. मी वास सांगायचे. तो म्हणायचा, "तुझं नाक माझ्या यंत्रापेक्षा बरं आहे." आयुष्यात त्याने केलेलं हे एकमेव कौतुक मला खरं वाटलं.

बाटलीवरचं नाव बघितलं की मत बिघडतं, म्हणून मी काढ्याच्या रिकाम्या तपकिरी बाटल्या धुऊन घेतल्या होत्या. नवरा त्यांत चार राय भरायचा आणि मी पाठ करून उभी राहायचे. मग मी प्रत्येकीच्या गळ्याला रंगीत दोरा बांधायचे: लाल, हिरवा, काळा, पिवळा. चव घेऊन ओळखायचं, कुठल्या दोऱ्यात कोण आहे.

हे सगळं रविवारी दुपारी, सासूबाई भजनी मंडळात गेल्या की. कारण त्यांना मुलगा पितो हे माहीत होतं, चालत होतं. "पुरुषमाणूस, दमून येतो." त्याच्या बाटल्या दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीखालच्याच कप्प्यात, दिवा लावून मांडलेल्या. त्याचा चाखायचा ग्लास कमळाच्या कळीसारखा, खास परदेशातून आलेला. माझी आमटीची वाटी. काचेचा दुसरा ग्लास ओट्यावर वाळत दिसला असता तर चौकशी झाली असती. वाटीची कोण चौकशी करतं? "स्टीलमध्ये वास मरतो गं," नवरा हळहळायचा. हळहळायचा, पण आईला एक वाक्य सांगायचा नाही. आणि सगळं आटोपलं की मी कढईत तेल तापवून चिमूटभर जास्तीचा हिंग टाकायचे, घरात दुसरा कुठला वास राहू नये म्हणून. आमच्याकडे रविवारी रात्री नेहमी फोडणीचंच काहीतरी असायचं, ते याच्यामुळे.

आता माझ्या भावाबद्दल.

माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. मेंढरं राखणारं घर. आई-वडील गेल्यावर थोरला भाऊच माहेर. तो प्यायचा. रायबिय नाही, जी मिळेल ती, जिथे मिळेल तिथे. आणि पिऊन आला की वहिनीला मारायचा. एका भाऊबीजेला तो ओवाळून घ्यायला पाटावर बसला, आणि मी ताट घेऊन नुसतीच उभी राहिले. तो म्हणाला, "ओवाळ की गं बाय, साडी आणलीया." मी म्हटलं, "साडी नको. ओवाळणीत दारू सोडल्याचा शब्द दे. नाहीतर आजपासून मला भाऊ नाही." निरांजन विझेपर्यंत मी ताट खाली ठेवलं नाही.

तो उठून सरळ एसटीने गावी गेला आणि बिरोबाच्या देवळात त्याने भंडारा उचलला. आमच्यात देवाची हळद हातात घेऊन शब्द दिला की तो शब्द राहत नाही, तो माणूसच होतो. मोडला तर माणूस मोडला. तेव्हापासून दर भाऊबीजेला भाऊ कागदाच्या पुडीत देवळातला भंडारा घेऊन यायचा, माझ्या कपाळाला लावायचा आणि एवढंच म्हणायचा, "हाय बग अजून." मग मी ओवाळायचे. यात्रेत देवापुढे भंडारा उधळायचा पहिला मान गावाने हळूहळू त्याला दिला. पूर्वी त्याला देवळाच्या पायरीवरून उठवायचे.

आणि मी, जिने ताट धरून त्याला उभं जाळलं, ती रविवारी वाटीतून राय चाखत होते. दोन्ही एकाच कपाळाने.

गेल्या थंडीतल्या एका रविवारी चारही दोरे ओट्यावर होते. माझ्या मते लाल म्हणजे ती मिरीवाली. नवरा हसून मान डोलावत होता. तेवढ्यात दारात सासूबाईंचा आवाज. पेटीवाल्याला ताप आला म्हणून भजन लवकर आटोपलं होतं. आणि त्यांच्या मागे माझा भाऊ, खांद्यावर बाजरीचं पोतं. मिरजेला डॉक्टरकडे आला होता, खोकला हटत नव्हता. फाटकाशीच दोघांची गाठ पडली होती.

सासूबाई सरळ स्वयंपाकघरात आल्या. "कसला गं वास? आणि ह्या बाटल्या कसल्या?"

मी म्हटलं, "काढा."

"कसला?"

"सुंठ, मिरी, जिरं... खोकल्याचा."

थाप मारायला मला कष्टसुद्धा पडले नाहीत. इतका वेळ तीच नावं तोंडात घोळवत होते.

भाऊ उंबऱ्यात उभा राहून खोकत होता. सासूबाई म्हणाल्या, "मग बघत काय बसलीस? दे की पाव्हण्यांना. ढास कसली लागलीय बघ त्यांना. डॉक्टरच्या गोळ्यांनी काय होतंय?"

इथे मला पुष्कळ काही करता आलं असतं. बाटली हातातून सोडता आली असती. काढा शिळा आहे म्हणता आलं असतं. खरं म्हणता आलं असतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो चष्मा पुसत होता. वाफ नाही, धूळ नाही, आणि चष्मा पुसत होता! मग म्हणाला, "थोडाच दे."

मी पिवळ्या दोऱ्याची बाटली उचलली. का पिवळ्या? कारण ती चौघींत सौम्य होती. भावाला दारू पाजतानाही माझं नाक निवड करत होतं. लाल झोंबेल, काळी कडवट आहे, पिवळी बरी. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला जे जे बोलले आहे ते छापता येणार नाही.

वाटी माझीच दिली.

त्याने एका दमात तोंडात घेतलं आणि थांबला. दारू सोडलेल्या माणसाच्या जिभेला ओळख विसरायला सांगून बघा. त्याचे गाल तसेच फुगलेले, डोळे माझ्यावर. मोरी त्याच्या हाताच्या अंतरावर होती. थुंकला असता तर सासूबाईंनी विचारलं असतं, काय झालं? आणि मग जे व्हायचं ते माझं झालं असतं.

त्याने गिळलं. डोळ्यांना पाणी आलं ते त्याने मुंडाशाच्या शेवाने पुसलं.

"जहाल हाय," तो म्हणाला. "पर चांगला केलायस."

सासूबाई खूश. "मलापण दे गं घोटभर. माझेही गुडघे..."

"आवं आत्याबाई, तुमास्नी न्हाई सोसायचा," भाऊ म्हणाला. "लय उष्ण हाय. मेंढरं राखणाऱ्याच्या घशाचं काम हाय ते."

सासूबाई हसल्या. नवराही हसला. मी वाटी विसळली.

तो जेवायला थांबला नाही. मी फाटकापर्यंत गेले. तिथेही, अजूनही, मी म्हटलं, "दादा, ते ह्यांचं होतं. मी फक्त भरून..."

"बाटल्यांस्नी दोरं कुणी बांधल्यात?" त्याने विचारलं. "पोत्याची गाठ हाय ती. आईची. दाजींस्नी येती व्हय तसली गाठ?"

मी फाटकाची कडी उगाच लावत-काढत राहिले.

"जा आत," तो म्हणाला. "सासू वाट बघत आसंल."

त्या संध्याकाळी नवऱ्याने मला शास्त्र सांगितलं. एक घोट म्हणजे किती, रक्तात किती उतरतो, किती वेळात निघून जातो. "एवढ्याने काय होत नाही गं. आणि थुंकायचं ना त्याने. जाणकार लोक थुंकतातच." मी पोळी लाटत होते. लाटणं त्याच्या अंगावर फेकलं नाही, ते बरंच केलं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. ज्याच्या बाटल्यांवर घरात दिवा लागतो, त्याला शब्द मोडतो म्हणजे काय मोडतं हे कुठल्या नळीत घालून दाखवायचं? त्याला कधी कुणी भंडारा उचलायला लावला नाही. त्याची गरजच कुणाला वाटली नाही. तो 'चाखतो'. माझा भाऊ 'ढोसायचा'. आणि मी कुठल्याच शब्दात नव्हते.

महिन्याभराने वहिनीचा फोन आला.

"वन्सं, तुमच्याकडं काय झालतं का हो?"

"का गं?"

"यात्रेत भंडाऱ्याला हात लावंनात. मान दुसऱ्याला द्या म्हणाले. लोक इचारत्यात का, तर म्हणत्यात, माझा हात साफ न्हाई. आता लोकं काय म्हणणार? परत लागला म्हणत्यात प्यायला. पायरीवर बसलं तर पोरं वास घ्यायला जवळ येत्यात, वन्सं!"

"प्यायलाय का?"

"न्हाई. पर..." ती थांबली. "कोकरांच्या खोपीत, वर आढ्याला, क्वार्टर ठेवलीया. सील फोडलं न्हाई अजून. मी रोज बघती. मी इचारलं तर म्हणले, मोडलंच हाय तर आता राखू कशापायी? तुमच्याकडनं आल्यापास्नंच हे चाललंय. खरं सांगा, काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही गं. खोकल्याने वैतागलाय."

फोन ठेवला आणि मला माझ्या आवाजाची शिसारी आली. इतका गोड आवाज होता तो. शाळेत पालकांशी बोलायचा आवाज. वहिनी तिकडे रोज सील बघते आहे, पुन्हा मार सुरू होईल का म्हणून आढ्याकडे बघत झोपते आहे, आणि मी तिला खोकला सांगते! भाऊ का गप्प आहे तेही मला ठाऊक होतं. काय झालं म्हणून सांगायला गेला तर माझं नाव येतं. म्हणून तो गावभरचा संशय अंगावर घेऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि विट्यावरून जाणारी एसटी धरली. नवरा म्हणाला, "मी येऊ का?" मी म्हटलं, "चष्मा पुसायला?"

भाऊ अंगणात कोकराच्या पायाला औषध लावत होता. वहिनी चुलीपुढे. मी बसलेही नाही. उभ्यानेच म्हटलं, "वहिनी, काढा म्हणून मी याला दारू दिली. माझी दारू. मी पिते. सासूबाईंपुढं माझी अब्रू जाईल म्हणून याने ती गिळली."

भाऊ ताडकन उठला. कोकरू त्याच्या हातातून सुटून पळालं.

"गप ऱ्हा!" तो ओरडला. "गप! आगं मी गिळला ती कशापायी? तुजी झाकावी म्हणून ना? आन् तू एसटीत बसून सांगाया आलीस? मग मी थुंकलोच आसतो की तितं! फुकट घालवलास घोट!"

"घालवला," मी पण ओरडले. "कुणी सांगितलं होतं झाकायला? मला विचारलंस? तिथंच थोबाडीत मारायची होतीस माझ्या!"

"तुज्या सासूपुढं?"

"सासूपुढं!"

वहिनी चुलीपासून उठून आली होती. तिच्या हातात फुंकणी. ती भावाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"मी तुमाला इचारलं, वन्सं," ती म्हणाली. "फोनवर. आन् तुमी खोकला म्हणालात." मग आवाज चढवून, "ताट हातात धरून आमच्या मालकाला पाटावरनं उठवलंत. गावानं नाव काढलं तुमचं, भन असावी तर अशी. आन् सोता वाटीनं पिताय? वर त्यालाच पाजताय?"

 

भाऊ भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "मंग आता तू बी उचल. चल देवळात. दोगं बी उचलू. मी पुन्यांदा, तू पयल्यांदा."

बाहेरून बघणाऱ्याला हे किती सोपं वाटेल! भाऊ-बहीण देवळात जातात, कपाळाला हळद लावून येतात, सगळं धुतलं जातं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मी एवढ्या लांब आले होते ते खोटं संपवायला, आणखी एक घेऊन जायला नाही.

"मी नाही उचलणार," मी म्हटलं. "मला ती आवडते दादा. उचलला तर तो भंडारा खोटा होईल. मी पिऊन कुणाला मारत नाही. तू मारायचास."

वहिनीने मान फिरवली. भावाचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हा आता उठून जाईल, आणि जाईल तो सरळ खोपीत जाईल.

तो खोपीतच गेला. वहिनी फुंकणी हातात तशीच धरून उभी. आतून आढ्यावरचा पाला सरकल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा हातात क्वार्टर होती. सील जागच्या जागी.

"मारायचो," तो म्हणाला. वहिनीकडे बघून म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने हे तिच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. मग बाटली माझ्यापुढे धरली. "ही घिऊन जा. हितं ठिवली तर ऱ्हाणार न्हाई ती. तुज्या त्या दोऱ्याच्या बाटल्यांत बसीव हिला बी. आन् लपवून पिऊ नको. तू लपिवतीस म्हणून मला गिळाया लागतं."

वहिनीने मला जेवायला वाढलं.  भाकरी मात्र ताटात टाकली, ती उडून चटणीत पडली, इतक्या जोरात.

क्वार्टर मी पर्समध्ये घालून आणली. घरी आल्यावर शोकेस उघडलं आणि गणपतीखालच्या कप्प्यात, नवऱ्याच्या परदेशी बाटल्यांच्या रांगेत, दिव्याखाली ठेवली. सासूबाई टीव्ही बघत होत्या.

"ही कुणाची गं?" त्यांनी विचारलं. "ही तर हलकी दिसतेय. हा असली कधी घेत नाही."

नवरा चहा पीत होता. कप ओठाशीच राहिला.

"माझी," मी म्हटलं. "आणि तो काढा नव्हता. ती पण माझीच होती."

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या दिवसापासून त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत, स्वतः करून घेतात. मुलाच्या हातचा मात्र घेतात. तो हल्ली करायला शिकला आहे. त्याच्या शोकेसवरचा दिवा अजून लागतो. मला याचा राग येतो आणि मी तो आता फोडणीत टाकत नाही, बोलून दाखवते. घरात रोज भांडण आहे. असू दे.

पुढच्या रविवारी सासूबाई घरात असताना मी काचेचा ग्लास घेतला आणि ती क्वार्टर फोडली. मळीचा उग्र भपका, वरून साखर जाळून केलेला रंग, पोटात काहीच नाही. मी तो घोट मोरीत थुंकले.

संध्याकाळी भावाचा फोन आला. भंडारा उचलला का, असं मी विचारलं नाही. त्यानेही तो विषय काढला नाही. मागे कोकरं ओरडत होती.

"बघितलीस का चव?" त्याने विचारलं.

"बघितली. घाण आहे."

"मंग?" तो म्हणाला. "मला काय चवीसाठी लागत हुती व्हय?"

आणि खोकत खोकत, कितीतरी वेळ, तो हसला.

भाऊबीज अजून लांब आहे. पुडी घेऊन येईल की नाही, मला माहीत नाही. आला तर वहिनीलाही बोलावणार आहे, आणि त्याच्या आधी तिला पाटावर बसवून ओवाळणार आहे; मार तिने खाल्ला, नाव माझं झालं. त्या दोघांना अजून सांगितलेलं नाही.